आत्याचं जाऊन येणं

माझ्या आत्याच्या अंगात मरीमाय यायची. हे वाचून कोणी हसेल, कोणी नाक मुरडेल. मी जे पाहिलं तेवढं सांगते.

आम्ही मूर्तिजापूरला राहत होतो, स्टेशनापलीकडच्या वस्तीत. बाबा रेल्वेत सांधेवाले होते, गाड्यांसाठी रूळ बदलून द्यायचे. मी चार वर्षांची असताना आई तापाने गेली. त्याच सुमारास आत्याच्या नवऱ्याने दुसरी बायको केली, म्हणून ती बार्शीटाकळीहून गाठोडं घेऊन भावाकडे आली. मला सांभाळायला कोणीतरी हवं होतं आणि तिला राहायला घर हवं होतं. दोघींची सोय झाली, असं वस्तीतले लोक म्हणत. ती कापसाच्या जिनिंगमध्ये, आमच्या बोलण्यातल्या जीनमध्ये, कामाला जायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या केसांत रुईचे तंतू अडकलेले असायचे आणि मी तिच्या मांडीवर चढून ते एकेक काढत बसायची.

एरवी ती फार गरीब बाई होती. दुकानदाराने माप कमी घातलं तरी बोलत नसे. पण पौर्णिमेला डफ वाजायला लागला की तिची पाठ ताठ व्हायची, आवाज जाड व्हायचा आणि ती पाटलिणीसारखी सगळ्यांना एकेरी हाका मारायची. लोक बैल हरवल्याचं विचारत, सून नांदेल का विचारत. माझे बाबा आपल्या धाकट्या बहिणीपुढे हात जोडून उभे राहत. मग ती जमिनीवर कलंडायची, पाणी मागायची आणि सगळे पांगले की हळूच मला विचारायची, "काय काय बोलली वं मी?"

मी सांगायची. ती कान देऊन ऐकायची, जणू दुसऱ्याच कोणाची हकिकत ऐकते आहे.

छप्पन साली बाबा वस्तीतल्या माणसांबरोबर नागपूरला गेले आणि पांढऱ्या कपड्यांत परत आले. पुढे अकोल्याला जाऊन आत्यानेही दीक्षा घेतली. घरातले टाक, शेंदूर लावलेला दगड, कवड्यांची माळ, सगळं फडक्यात बांधून नदीत सोडायचं ठरलं. फडक्याची गाठ आत्यानेच मारली. "माह्या हातानं आणली होती, माह्याच हातानं जाऊ दे," म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं, पण मी मोठ्याने वाचायची आणि ती पाठ करायची. बावीस प्रतिज्ञा आमच्या वस्तीतल्या बायकांमध्ये सगळ्यांच्या आधी तिच्या पाठ झाल्या.

पण पौर्णिमा आली की दुपारपासून ती अंगणात येरझारा घालायची. एकदा मी विचारलं, "काऊन वं आत्या?"

"गमत नाही, बाप्पा."

पुण्याकडचे लोक याला करमत नाही म्हणतात. पण आमच्या 'गमत नाही'मध्ये आणखी काहीतरी आहे. इथे मन लागत नाही, आणि कुठे लागेल तेही ठाऊक नाही, अशी ती अवस्था असते.

"देवीची आठवण येते?"

तिने आधी बाबा घरात नाहीत ना, ते पाहिलं. "देवीची नाही वं. ती गेली ते बरंच झालं. लोकायले खोट्या आशा लावत होती मी. पण मी जात होती ना कुठी तरी! तेवढ्या वेळापुरती मी जीनमधली बाई नव्हती, नवऱ्यानं टाकलेली नव्हती. ते जाणं राह्यलं."

त्या काळी आमच्याकडे रविवारी एक गुरुजी यायचे. प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि रविवारी वस्तीतल्या लोकांना धम्माचं वाचून दाखवायचे. एकदा त्यांनी मैत्री भावनेबद्दल सांगितलं. डोळे मिटून बसायचं, आधी आपलं भलं चिंतायचं, मग आपल्या माणसांचं, मग ज्याचा राग येतो त्याचंही. सगळे माना डोलवत होते. आत्या मागे बायकांमध्ये बसली होती. ती पदर सावरून उभी राहिली. माणसांपुढे ती कधी बोलली नव्हती.

"गुरुजी, आमच्या जीनमधल्या मुकादमाचं भलं कशात हाय, हे मले काय ठाऊक? ठाऊक नाही तं चिंतू काय?"

लोक हसले. गुरुजीही हसले, पण त्यांनी विचार केला. "मग आधी तेच पाहा, बाई. त्याच्या जागी बसून पाहा."

बोलता बोलता ते बोलून गेले असतील. आत्याने मात्र ते शब्दशः घेतलं. घरी दाराशी आल्यावर म्हणाली, "अंगात येणं बंद झालं ना? आता आपण जाऊ."

अशी त्या खेळाला सुरुवात झाली. खेळ हा माझा शब्द. ती त्याला 'जाऊन येणं' म्हणायची. बाजाराच्या दिवशी जीन बंद असे. त्या दिवशी दुपारी आम्ही मागच्या अंगणात बसायचो. अंगणाला लागून माळ्याचा मळा होता. ते लोक वांगी, मेथी, झेंडू लावायचे. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. ती कुंपणाच्या फटीतून यायची. ती आमच्याकडे येते हे तिच्या घरी माहीत होतं, आमच्या घरचं पाणी पिते हे माहीत नव्हतं. एवढ्या तिघी आम्ही.

आधी पाय धुवायचे. मग डोळे मिटून, ज्याच्याकडे जायचं त्याचं नाव मनात घ्यायचं आणि पायांपासून सुरुवात करायची. पायांखाली काय आहे, माती की फरशी? पायात काय घातलं आहे? मग गुडघे, पाठ, हात, पोट. भूक लागली आहे का? चेहऱ्याकडे सगळ्यांत शेवटी यायचं. सगळीकडे पोचलं की डोळे उघडायचे, आणि मग बाकीच्या दोघींनी विचारायचं. कोण आलं, काय काम करता, कोणाला भिता, असं. परत यायच्या वेळी पुन्हा पाय धुवायचे आणि गुळाचा खडा तोंडात टाकायचा. तो विरघळला की आपण पुन्हा आपले.

पहिल्या दिवशी माझी मैत्रीण स्टेशनमास्तर झाली. मिशीला पीळ देत, पोट पुढे काढून चालायला लागली. मी हसून लोळले. आत्याने तिला खाली बसवलं.

"हे नक्कल हाय, बाई. तू चेहऱ्यापासून सुरू केलं म्हणून नक्कल झाली. नक्कल बाहेरून होते. आपल्याले आतून जायचं हाय."

त्यानंतर अंगणात मी कोणाला तसं हसले नाही. मी लहान गाडीची ड्रायव्हर झाले, ती आमच्या स्टेशनावरून यवतमाळकडे आणि अचलपूरकडे जायची. पोटाला भट्टीची धग आणि पाठीला थंड वारा. दोन्ही एकदम लागलं तेव्हा मी घाबरून डोळे उघडले. मी आमची बांधलेली शेळी झाले. मैत्रीण तिच्या भावाची नवी बायको झाली आणि त्या संध्याकाळी घरी जाऊन तिने नव्या वहिनीच्या हातातली घागर काढून घेतली. वहिनी रडायला लागली म्हणे.

आत्या पहिल्यांदा गेली ती मुकादमाकडेच. बराच वेळ डोळे मिटून बसली होती.

"पायात बूट हाय," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तुटक. "डावा चावते."

"कोणाले भिता?" मैत्रिणीने विचारलं.

"शेटले."

"घरी कोण हाय?"

तिने डावा पाय जवळ ओढून घेतला. "सगळे हायत. मी घरी गेलो की गप होतात."

गूळ खाऊन झाल्यावरही ती तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी जीनमधून आली तेव्हा मी धावत जाऊन विचारलं, मुकादम बदलला का?

"तो कायले बदलन? मी गेली होती, तो थोडाच आला होता? आजही ओरडला." मग वेणी सोडता सोडता म्हणाली, "पण आता ओरडला की मले त्याचा बूट दिसते."

आमच्या वस्तीतल्या त्या मातीच्या अंगणात बसून आम्ही किती ठिकाणी जाऊन आलो! आज विमानाने फिरणारी माझी नातवंडं फोटो दाखवतात. मी पाहते, छान म्हणते, आणि मला त्या दुपारी आठवतात. डोळे उघडले की झेंडूचा वास यायचा आणि आपण परत आलो याचं थोडं वाईट वाटायचं.

मी बारा वर्षांची असेन. एकदा मैत्रीण सहज म्हणाली, "तू तुझी आई हो ना."

मला हे आजवर कसं सुचलं नव्हतं कोण जाणे. मी पाय धुतले, डोळे मिटले, पायांपासून सुरुवात केली आणि तिथेच थांबले. आईच्या पायात जोडवी होती का? टाचांना भेगा होत्या का? मला काहीच माहीत नव्हतं. घरात तिचा फोटो नव्हता. शेळीच्या पायांत मला जाता आलं होतं, आईच्या पायांत जाता येईना. मी रडायला लागले. आत्याने माझ्या तोंडात गूळ घातला, पण मी कुठे गेलेच नव्हते, तर परत काय येणार?

मग मी आत्याच्या मागे लागले. तू तिला पाहिलं आहेस, तू हो.

"मेलेल्याले बोलावणं आता आपल्यात नाही. मी शपथ घेतली हाय."

मी रुसले, जेवले नाही, शाळेतून आल्यावर तिच्याशी बोलेनाशी झाले. तो सगळा उन्हाळा मी तिला छळलं. शेवटी एका दुपारी भाकरीचं पीठ मळता मळता ती म्हणाली, "मेलेली नाही. जिती असतानाची. माह्यापाशी एक दुपार हाय. वहिनी तुले घेऊन बार्शीटाकळीले माह्या सासरी आली होती. तेवढ्या दुपारची ती मी होऊन पाह्यते. त्याच्यापुढचं मले काही विचारू नको."

बाजाराचा दिवस आला. बाबा ड्यूटीवर होते. आत्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ पाय धुतले. आम्ही दोघी समोर बसलो.

"पायात जोडवी हायत," ती डोळे मिटून म्हणाली. "एक सैल झालं. त्याले दोरा गुंडाळला हाय."

मग हळूहळू तिची बैठक बदलली. एक गुडघा वर, त्यावर कोपर, गालावर हात. आत्या तशी कधी बसत नसे. तिने डोळे उघडले. मी ठरवून ठेवलेले सगळे प्रश्न विसरून गेले. मैत्रिणीने मला कोपराने ढोसलं, तेव्हा मी कसंबसं विचारलं, "कोण आलं?"

तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तू कोणाची वं पोरी?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दुपारच्या आईची मुलगी तीन वर्षांची होती. बारा वर्षांची मी तिच्यासाठी शेजारपाजारची कोणीतरी पोरगी होते.

"इथलीच," मी म्हणाले.

"डोक्याले तेल नाही का तुमच्या घरी? ये इकडं." तिने मला ओढून पुढ्यात बसवलं, वेणी सोडली आणि बोटांनी गुंता काढू लागली. आत्या गुंता हळू काढायची. हे हात घाईचे होते, थोडे दुखवणारे. "मले बी एक पोरगी हाय. आत झोपली."

"कशी आहे ती?"

"हट्टी! कवठ पाह्यलं की रडते, दे म्हणून. दिलं की तोंड वाकडं करते. झोपताना माह्या कानाची पाळी धरून झोपते. हात सोडवला की जागी होते." ती हसली. "तिले शाळेत टाकणार हावो. हे म्हणतात, पाहू. पाहू काय? टाकायचंच."

"हे म्हणजे?"

"पोरीचा बाप. ड्यूटीवरून येताना दुरूनच खोकलतात, मले समजावं म्हणून. तरी मी मुद्दाम दार लावून ठेवते. दार लावलं की माह्या नावानं हाक मारा लागते ना त्याईले. एरवी कुठं मारतात?"

मी मान मागे टाकून तिच्या गुडघ्याला टेकवली. मला आणखी पुष्कळ ऐकायचं होतं. तेवढ्यात मैत्रीण उठून उभी राहिली आणि कुंपणाच्या फटीतून पळाली. मागच्या दारात बाबा उभे होते. हातात दिवा होता, अंगावर निळा कोट. केव्हाचे उभे होते, कळलं नाही.

"बस झालं," ते म्हणाले.

आत्याचा हात माझ्या केसांत तसाच राहिला. मग तिने गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला आणि तो विरघळेपर्यंत बाबा दारातच उभे राहिले.

"नदीत सोडून आलो होतो," बाबा म्हणाले, "ते तू मागच्या दारानं परत आणलं?"

"दादा, ते येणं होतं. हे जाणं हाय. इथं कोणी आलं नाही. मीच गेली होती, बार्शीटाकळीच्या एका दुपारी."

"मले फरक समजत नाही. आणि समजून घ्यायचाही नाही. पोरगी शिकून राहिली. तिच्या डोक्यात हे नको."

आत्याने मान हलवली. ती वाद घालणारी नव्हती, आणि बाबांच्या डोळ्यांकडे पाहिल्यावर मीही सुटलेली वेणी बांधायला घेतली. त्या दिवसापासून आमच्या अंगणातलं जाऊन येणं बंद झालं.

काही दिवसांनी मी तिला एकटीला गाठून विचारलं, "कानाच्या पाळीचं खरं का?"

"त्या दुपारी तू तिचा कान धरून झोपली होती, हे मी डोळ्यानं पाह्यलं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तिथं गेल्यावर जसं दिसलं तसं."

"म्हणजे बनवलं?"

"बनवलं नाही वं. पण शपथही घालू नको."

मी मॅट्रिक झाले आणि अमरावतीला मास्तरकीचं शिक्षण घ्यायला गेले. तिथल्या वसतिगृहात पहिले महिने मला अजिबात गमलं नाही. दुपारी खोलीतल्या मुली झोपल्या की मी पाय धुऊन यायची, कॉटवर बसायची आणि आत्याकडे जायचा प्रयत्न करायची. तिचे पाय मला चांगले ठाऊक होते. पायांपासून निघून मी जीनच्या फाटकापर्यंत पोचायची आणि तिथून पुढे काही जमत नसे, कारण मी फाटकाच्या आत कधी गेलेच नव्हते. ती मला तिकडे येऊच देत नसे. रुईने छाती भरते म्हणायची.

दिवाळीची सुटी संपवून परत निघाले, तेव्हा बाबा मला गाडीत बसवून द्यायला फलाटावर आले. बडनेऱ्याला गाडी बदलायची, ट्रंक सांभाळायची, हे सगळं सांगून झालं. मग रुळांकडे पाहत म्हणाले, "त्या दिवशी, मी दारात यायच्या आधी, ती काय काय बोलली?"

कोणत्या दिवशी, हे मला विचारावं लागलं नाही. मी सांगितलं. डोक्याला तेल, कवठ, कानाची पाळी, शाळा. ते ऐकत राहिले.

"आणि?"

मी दाराचं सांगितलं. हाक मारावी लागावी म्हणून ती दार लावून ठेवायची, ते.

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, उगाच झटकली, पुन्हा घातली. "लावून ठेवायची खरी," ते म्हणाले. "मले वाटे, वाऱ्यानं लागते." थोड्या वेळाने म्हणाले, "हे तुह्या आत्याले कोणी सांगितलं?"

"आईनेच सांगितलं असेल. त्या दुपारी."

"हं. बायका सांगतात एकमेकींले."

सिग्नल पडला होता. गाडी लांबून दिसू लागली. "आणखी एकदा करन का ती?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच बंद केलं ना, बाबा."

"हो," ते म्हणाले, आणि माझी ट्रंक उचलली.

त्यांनी आत्याला कधी विचारलं नाही. पुढच्या सुटीत मीच तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्यानं विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. एकच दुपार हाय वं माह्यापाशी. घडीघडी काढली तं झिजन."

आत्या गेली तेव्हा मी धारणीकडच्या एका शाळेवर शिक्षिका होते. पावसाने रस्ता बंद होता. निरोप उशिरा मिळाला आणि जीप मिळायला त्याहून उशीर झाला. मी घरी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल मला फार लिहवत नाही. त्यापेक्षा ती अमरावतीला आली होती, तो दिवस सांगते.

माझ्या शिक्षणाचं दुसरं वर्ष होतं. जीनचा हंगाम संपला होता. ती एकटीच, आयुष्यात पहिल्यांदा, बडनेऱ्याला गाडी बदलून आली. नवं पांढरं लुगडं, हातात अंबाडीच्या भाजीची जुडी आणि ज्वारीच्या भाकरी. मी तिला वसतिगृहातल्या खोलीत नेलं. ती दारातच थांबली आणि खोलीभर नजर फिरवत राहिली.

"खिडकी इकडं हाय होय?" ती म्हणाली. "मी पाह्यली तवा त्या बाजूनं होती."

"तू कधी पाहिलीस?"

"येऊन गेली ना मी. लय खेपा." तिने कॉटवर बसून गादी दाबून पाहिली. "गादी मातर पातळ हाय. मी जाड पाह्यली होती."

खोलीतल्या मुली हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. आत्याही त्यांच्याबरोबर हसली. मग तिने माझ्या कॉटवर पाय वर घेतले आणि खिडकीतून काय दिसतं ते बारकाईने पाहू लागली. बाहेर हौद होता, वाळत घातलेले परकर होते, संत्र्याचं एक रोगट झाड होतं. सकाळी ऊन कुठवर येतं, मी कोणत्या कुशीवर झोपते, पाणी कुठून भरते, सगळं तिने विचारून घेतलं. माझ्या चपलांत पाय घालून ती हौदापर्यंत चालून आली.

संध्याकाळच्या गाडीला मी तिला सोडायला गेले. बायकांच्या डब्यात जागा मिळाली. गाडी हलेपर्यंत मी खिडकीचा गज धरून उभी होते. माझा चेहरा पाहून तिला काय ते समजलं असावं.

"रडू नको वं," ती म्हणाली. "आता मले नीट येता येईन. खिडकी ठाऊक झाली."